वखारीतली तंबाखू



व्याख्यानमालेच्या चिटणिसांनी आम्हांला विषय विचारला, तेव्हा त्यांची अपेक्षा अशी होती की आम्ही कामगार चळवळीचा इतिहास सांगू, नाहीतर कायद्याच्या कलमांची ओळख करून देऊ. ते विषय चांगलेच आहेत आणि त्यांवर बोलणारे आमच्यापेक्षा अधिकारी वक्ते मिळतील. आम्ही विषय दिला तो मालाचा : वाळवलेली तंबाखू किती दिवस टिकते, कशी टिकते, आणि ती टिकविण्यासाठी काय काय करावे लागते. चिटणीस थोडे हसले. युनियनवाल्याला मालाच्या तब्येतीची काळजी केव्हापासून लागली, असे त्यांनी विचारले नाही, पण त्यांच्या चेहऱ्यावर ते दिसले. तेव्हा त्याचे उत्तर आज द्यावयाचे आहे.

या भाषणात आम्ही 'आम्ही' म्हणतो ते थाटाने नव्हे. जे सांगणार आहोत त्यातले फार थोडे एकट्याने पाहिलेले आहे. वखारीत तंबाखू चाळणाऱ्या बाया, हमाल आणि घरी विड्या वळणाऱ्या भगिनी यांनी दाखविले म्हणून दिसले. पुस्तकी भाग नगरवाचनालयातला. आमचे शिक्षण सातवीला संपले. रसायनशास्त्र आम्ही शिकलो ते वाटाघाटीत कारखानदाराचे तज्ज्ञ तोंडावर मोठमोठे शब्द फेकू लागले म्हणून, गरजेपोटी.

तंबाखू आपल्याकडे आली ती पोर्तुगीजांच्या हातून, हे सर्वांना ठाऊक आहे. अकबराच्या दरबारी ती नेली असद बेग नावाच्या सरदाराने, आणि त्याला ती मिळाली आपल्या दक्षिणेत, विजापूरला, १६०४ च्या सुमारास. म्हणजे उत्तर हिंदुस्थानच्या बादशहाला हे व्यसन दाखविण्याचा मान दख्खनकडे जातो. तिच्यातले द्रव्य निकोटीन. ते शुद्ध स्वरूपात वेगळे काढले पोस्सेल्ट आणि रायमान या दोघा जर्मनांनी, १८२८ साली हायडेलबर्गला. माणूस तंबाखू वाळवतो, बांधतो, रचतो, राखतो, ते सारे या एका द्रव्यासाठी आणि त्याच्या सोबतीच्या वासासाठी.

मेंदूवर अंमल करणाऱ्या सगळ्याच वाळवलेल्या वनस्पतींची गोष्ट सारखी नाही. चहाची पत्ती वर्षभर पडून राहिली तर वास जातो, चव जाते, पण तरतरी आणणारे कॅफिन बहुतांशी जागच्या जागी राहते. गांजाचे उलट. त्यातले मुख्य द्रव्य उजेडाने व हवेने हळूहळू पालटते आणि त्याचे दुसरेच, पुष्कळ मंद द्रव्य होते. १८९३-९४ साली सरकारने नेमलेल्या हेम्प ड्रग्ज कमिशनपुढे देशभरातून साक्षी झाल्या, त्यांत जुना गांजा निकामी होतो ही तक्रार आहेच. तंबाखू या दोहोंच्या मधली. तिचे निकोटीन काही अंशी उडते, पण ती सर्वस्वी निकामी होत नाही. उलट काही काळ ती सुधारते. म्हणूनच तिचा व्यापार साठवणुकीवर उभा आहे. ज्याच्याजवळ वखार आहे तो थांबू शकतो. ज्याच्याजवळ नाही, म्हणजे शेतकरी, त्याला येईल त्या भावाने द्यावी लागते.

विडीची तंबाखू मुख्यतः दोन मुलखांतून येते. एक गुजरातेतला चरोतर आणि दुसरा आपल्या सीमेवरचा निपाणीचा टापू, जो आज कर्नाटकात बेळगाव जिल्ह्यात आहे पण ज्याची बाजारपेठ आणि बोली अजून मराठीच आहे. सिगारेटची पाने बंद खोलीत उष्णतेने सुकवतात. विडीची तंबाखू उघड्या रानात, उन्हात वाळते. पान पुरते वाळले की हात लावताच चुरा होतो, म्हणून ते उचलावयाचे दव पडल्यावर, पहाटे. दवाने पान थोडे मऊ होते आणि मोडत नाही. एवढ्या एका गोष्टीत पुढचे सारे शास्त्र आले. तंबाखू हवेतले पाणी पिते आणि हवेला परत देते. ती कधी स्वस्थ बसत नाही.

घरातल्या पापडांचे जे होते तेच हे. पावसाळ्यात डबा उघडा राहिला की पापड सादळतात. तंबाखूही सादळते, फरक एवढाच की पापड तळून दुरुस्त होतो, तंबाखूला तो उपाय नाही. तिच्या अंगात शेकडा १२-१३ पाणी असले म्हणजे ती ठीक. दहाच्या खाली गेले की काचेसारखी फुटते आणि तिचा खकाणा होतो. पंधराच्या वर गेले की बुरशी धरते. हवेतली सापेक्ष आर्द्रता साठ-पासष्टच्या आसपास असेल तर हे प्रमाण आपोआप राहते. पण आपल्याकडे आषाढात हवा त्याच्या कितीतरी वर जाते आणि चैत्र-वैशाखात कितीतरी खाली येते. म्हणून जाणता वखारवाला काय करतो? जमिनीवर माल टेकवत नाही. खाली लाकडी फळ्या घालतो, भिंतीपासून हातभर अंतर सोडतो, बोद (तंबाखू भरलेल्या तरटाच्या मोठ्या पोत्याला तिकडे बोद म्हणतात) थप्पीने रचतो, आणि पावसाळा लागण्यापूर्वी दारे-खिडक्या बंद करतो. बंद म्हणजे फटींत चिंध्या कोंबून बंद. अधूनमधून थप्पीच्या पोटात हात घालून पाहतो. ओला माल दाबून रचला की आतून तापतो. हाताला ऊब लागली की थप्पी मोडून खालचे वर आणि वरचे खाली करावे लागते. हे काम हमालांचे. मालाला ताप आला आहे असे हमालच म्हणतात, आणि तो शब्द आम्हांला कोणत्याही पुस्तकातल्यापेक्षा बरा वाटतो.

असा नीट राखलेला माल वर्ष-दोन वर्षे पडून राहिला की मुरतो. लोणचे मुरते तसाच. नव्या तंबाखूचा धूर घशाला ओरखडतो. मुरताना तिच्यातली साखर आणि प्रथिनांतली द्रव्ये एकमेकांशी संयोग पावतात, रंग गडद होतो, वास गोडसर होतो. अमोनिया निघून जातो, निकोटीन थोडे उणे होते. सिगारेटचे मोठे कारखाने याकरिता एक ते तीन वर्षे माल पाडून ठेवतात. पण गोदाम उबदार आणि दमट असले तर आणखी एक गोष्ट घडते, आणि ती फारशी कोणी बोलत नाही. तंबाखूत नायट्रेट असते. दमट उबेत वाढणारे जंतू त्याचे नायट्राइट करतात, आणि त्याचा निकोटीनशी व त्याच्या भाईबंदांशी संयोग होऊन नायट्रोसामाइन नावाची द्रव्ये तयार होतात. त्यांतली दोन माणसात कर्करोग उत्पन्न करतात असा निर्वाळा आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्ये दिला आहे. तात्पर्य, वाईट साठवणुकीने विष नुसते टिकत नाही, वाढते.

आता किडीकडे वळू. तंबाखूला जनावर तोंड लावत नाही असे आपण म्हणतो. निकोटीन हे मुळात झाडाने किड्यांपासून बचाव म्हणून केलेले विष आहे. त्याचा काढा शेतकरी मावा मारण्याकरिता फवारीत असत. तरीही एक भुंगेरा असा आहे की तो वाळलेल्या तंबाखूवरच पोसतो. तांबूस, गोल पाठीचा, दोन-तीन मिलिमीटरचा. डोके खाली दुमडून बसतो, त्यामुळे कुबडा दिसतो. फाब्रिसियस या शास्त्रज्ञाने १७९२ साली त्याची नोंद केली. पण तो त्याहून पुष्कळ जुना. इजिप्तच्या तुतनखामेन राजाच्या थडग्यात, जे १९२२ साली उघडले, तिथल्या सुकलेल्या जिनसांत हा भुंगेरा मिळाला. त्या काळी इजिप्तमध्ये तंबाखूचे नावही नव्हते. म्हणजे हा काही जन्मजात तंबाखूबाज नव्हे. तो वाळवणाचा किडा आहे. हळद, मिरची, धने, जे वाळवून ठेवाल ते त्याला चालते. भगिनींनी घरी गेल्यावर गेल्या सालचा धन्यांचा डबा उघडून पाहावा, कदाचित ओळख पटेल.

मग विष त्याला बाधत कसे नाही? त्याच्या अळीच्या आतड्यालगत पिशव्या असतात, त्यांत किण्वासारखे एक सूक्ष्म जीव राहतात. तेच त्याला जीवनसत्त्वे पुरवतात आणि विषारी द्रव्ये निरुपद्रवी करण्यास मदत करतात. आई अंडी घालताना अंड्याच्या कवचावर हे जीव सारवून ठेवते, आणि अळी बाहेर पडताना कवच कुरतडते, की ठेव तिच्या पोटात गेली. आम्ही हे प्रथम वाचले तेव्हा वाचनालय बंद होईपर्यंत तसेच बसून होतो. एवढ्याशा किड्याने लेकरांसाठी केलेला हा बंदोबस्त!

तीस अंशांच्या आसपास उष्णता आणि सत्तर टक्के आर्द्रता मिळाली की अंड्यापासून भुंगेरा व्हावयास महिना-सव्वा महिना पुरतो. एक मादी शंभराच्या आसपास अंडी घालते. पुढचा हिशेब कोणीही करावा. थंडीत, अठरा अंशांच्या खाली, त्याची वाढ थांबत जाते, पण आपल्या वखारींना ती थंडी कुठून मिळणार! म्हणून उपाय म्हणजे धुरी. अल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या थप्पीत ठेवून वर मेणकापडासारखे प्लॅस्टिकचे जाड आच्छादन घालतात. हवेतल्या दमाने गोळीतून फॉस्फीन वायू सुटतो आणि आच्छादनाच्या आत कोंडून राहतो. हे काम एका रात्रीचे नाही. पुरते दिवस, पुरते प्रमाण आणि पक्के आच्छादन असेल तरच अंड्यांपर्यंत सारे मरते. घाई केली तर थोडी कीड वाचते आणि तिची पुढची पिढी त्या वायूला सरावते. जगभर ही तक्रार आहे. आता माणसाची गोष्ट. हा वायू माणसाला तितकाच मारक आहे. त्याच्यावर उतारा नाही. त्याला लसणीसारखा किंवा कुजक्या मासळीसारखा वास येतो, पण वास आला नाही म्हणजे वायू नाही, असे समजता येत नाही.

आम्हांला ठाऊक असलेल्या एका वखारीत शनिवारी धुरी दिली आणि सोमवारी सकाळी बायांना आत घेतले. आच्छादन काढले होते, पण दारे उघडली होती ती बाया आल्यावर. दुपारपर्यंत सात जणींना चक्कर, उलटी, छातीत दडपण. मालकांचे म्हणणे पडले की तंबाखूने चक्कर येतेच, नव्या बायांना सवय नसते. त्या सातांतल्या दोघी तिथे वीस वर्षे काम करीत होत्या. सुदैवाने सगळ्या वाचल्या. त्यानंतर त्या वखारीत एक साधा नियम आम्ही लिहून घेतला : धुरीची तारीख दारावर खडूने लिहावयाची, दारे उघडून पूर्ण दिवस हवा खेळू द्यावयाची, आणि वायू मोजणाऱ्या उपकरणाने तपासल्याखेरीज कोणीही आत जावयाचे नाही. उपकरणाचे पैसे कोणी द्यावयाचे यावर चार महिने घासाघीस झाली. मालाच्या विम्याचा हप्ता मात्र त्या चार महिन्यांत एकदाही चुकला नव्हता.

इथे आमच्या विषयाचा गाभा येतो. मघाशी आम्ही सांगितले की मालाला खिडकी बंद हवी. वारा लागला की तंबाखू उडते, सुकते, पावसाळ्यात सादळते, वास जातो. आता त्याच छपराखाली शंभर बाया बसवा. त्यांच्यापुढे तंबाखूचे ढीग, हातात चाळण्या. पान कुटून, चाळून, काडी वेगळी, जर्दा वेगळा, धूळ वेगळी करावयाची. धूळ एवढी की समोरची बाई धूसर दिसते. या बायांना खिडकी उघडी हवी. मालाला जी हवा मानवते ती माणसाला मानवत नाही, आणि दोघांना एकाच खोलीत ठेवले की खिडकी कोणाच्या सोयीने राहील हे सांगावयास नको. आम्ही कित्येक वखारी पाहिल्या, आणि भर वैशाखात बंद असलेल्या खिडक्या पाहिल्या. मुकादमाला विचारावे तर तो म्हणतो, 'साहेब, माल उडतो.' त्याचे खरेही असते. उडालेल्या मालाचा जाब त्यालाच द्यावा लागतो.

तंबाखूचा अंमल तिच्या धुरातूनच होतो असे नाही. निकोटीन कातडीतून शिरते, धुळीबरोबर नाका-तोंडातून शिरते. मुंबईच्या टाटा स्मारक केंद्राच्या कर्करोग संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी १९९० च्या दशकात तंबाखूवर प्रक्रिया करणाऱ्या स्त्रियांची तपासणी केली. निकोटीन शरीरात गेल्यावर त्याचे जे कोटिनिन होते ते त्यांच्या लघवीत मिळाले, आणि पेशींतल्या आनुवंशिक द्रव्याला इजा झाल्याच्या खुणाही मिळाल्या. विडी न ओढता ओढणाऱ्याचा भोग! आणि मग आपण विचारतो की या बाया मिसरी का लावतात. दिवसभर ज्याचा अंमल अंगात भिनला, त्याची रात्री तलफ येणार नाही तर काय होईल? मिसरीविरुद्ध भाषण करावयास आलेल्या एका सद्गृहस्थांना आम्ही वखारीत अर्धा तास बसविले. ते भले होते; बाहेर आल्यावर त्यांनी भाषण बदलले.

माल किती उडतो, याचा हिशेब एके काळी सरकारही ठेवीत होते. १९४३ साली कच्च्या तंबाखूवर अबकारी कर बसला. तेव्हापासून वखारीला परवाना, प्रत्येक बोदाला वजन आणि नोंद, आणि कर भरल्याशिवाय माल हलवावयाचा नाही. वजन घटले तर का घटले याचे उत्तर द्यावे लागे : सुकून घटले, धूळ होऊन घटले की चोरून घटले. कच्च्या तंबाखूवरचा हा कर १९७९ साली उठला. जुने दिवाणजी अजून त्या वह्यांच्या आठवणी सांगतात. एवढ्या चोख वह्यांत धूळ किती किलो निघाली हे लिहिलेले असे. ती कोणाच्या छातीत गेली, याचा रकाना नव्हता.

आमची मागणी काही चमत्काराची नाही. साठवणुकीची वखार आणि चाळणीचा सोपा वेगळा असावा, मध्ये भिंत असावी. चाळणी झाकलेली असावी आणि धूळ ओढून घेणारा पंखा चाळणीपाशीच असावा. नुसता छताचा पंखा लावला तर तो धूळ खोलीभर फिरवतो. रोजच्या कामापुरता माल आत आणावा. हे ज्यांनी केले त्यांचा माल बिघडला नाही. उलट ओढून घेतलेली धूळ पोत्यात जमा झाली आणि विकली गेली.

विडीचे दुसरे अंग म्हणजे पान. तेही वाळवणच, आणि त्याची साठवण तंबाखूपेक्षा नाजूक. टेंभुर्णीचे पान गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा या जिल्ह्यांच्या जंगलांत ऐन उन्हाळ्यात तोडतात. आपल्याकडे सत्तर पानांचा एक पुडा, हजार पुड्यांचे एक प्रमाण गोणी. पुडे जमिनीवर मांडून उन्हात वाळवावयाचे, उलटावयाचे, मग थोडे पाणी शिंपडून मऊ करून गोणीत भरावयाचे. यात एकदा अवकाळी पाऊस आला किंवा गोण्या ओल्या जागी ठेवल्या की पानाला बुरशीचे काळे डाग पडतात. जास्त दिवस कोरड्या गरम गोदामात राहिले तर पान ठिसूळ होते आणि भिजवूनही त्याचा चिवटपणा परत येत नाही. असे पान वळताना घडीवर तडकते. विडीचे तोंड उलगडते. आणि तपासनीस ती विडी छाट म्हणून बाजूला टाकतो. छाट म्हणजे नापास विडी : तिची मजुरी नाही, आणि बहुधा ती परतही मिळत नाही.

एका गावी आमचे भांडण याच गोष्टीवरून लागले. हजारामागे दीड-दोनशे विड्या छाट निघू लागल्या. कारखान्याचे म्हणणे, बायांचे हात ढिले पडले. वाटाघाटीला आमच्याबरोबर एक म्हातारी कारागीर होती. चाळीस वर्षे विड्या वळलेली, बोटांच्या टोकांवरच्या रेषा पुसलेली. ती काही बोलली नाही. तिने पदरातून दोन ओली फडकी काढली. एकात कारखान्याने दिलेले पान, दुसऱ्यात तिने स्वतःच्या पैशाने बाजारातून आणलेले. दोन्ही आदल्या रात्री भिजवून गुंडाळलेली. टेबलावर फर्मा ठेवून तिने दोन्ही पाने कापली, त्याच तंबाखूच्या दहा-दहा विड्या वळल्या. बाजारच्या पानाच्या दहाही उभ्या राहिल्या. कारखान्याच्या पानाच्या सहा तडकल्या. 'हात तेच हाईत, साहेब,' एवढेच ती म्हणाली. मग गोदाम उघडून पाहिले तर गोण्यांवर दोन पावसाळ्यांपूर्वीची खूण. पान राखले नाही गोदामाने आणि मजुरी कापली बाईची. वड्याचे तेल वांग्यावर.

कायदा या बाबतीत मुका नव्हता. १९६६ साली विडी आणि सिगार कामगारांचा कायदा झाला. त्याखाली महाराष्ट्रात जे नियम झाले त्यांत साधारणतः शेकडा पाचांहून अधिक छाट काढू नये असे बंधन घातले. कारखानदार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १९७४ साली न्यायालयाने कायदा उचलून धरला. पाचाचा आकडा वहीत आला. पण जुने पान दिले तर काय, हे त्या आकड्यात येत नाही. म्हणून त्या गावी आम्ही करार केला तो असा : प्रत्येक गोणीवर तोडणीचे साल दिसले पाहिजे, आणि डागी किंवा तडकणारे पान निघाले तर बाईने ते वजनाने परत करावे, छाट धरू नये. विडी ओढणाऱ्यालाही साल कळत नाही, ही गोष्ट वेगळी. पुड्यांवर छापावयाच्या मजकुराचे जे नियम केंद्र सरकारने २०११ साली केले, त्यांत महिना-साल छापण्यातून विडी आणि उदबत्ती या दोघींना सूट दिली होती. दोन्ही जळून जाणाऱ्या जिनसा, एवढेच त्यांत साम्य आम्हांला दिसले.

आतापर्यंत वखारीचे बोललो. परंतु विडीच्या धंद्यात सर्वांत मोठी वखार कोणती? बाईचे घर. सोलापूर, सिन्नर, संगमनेर, अहिल्यानगर, कुठेही पाहा. वळणी बहुतेक घरोघर चालते. सरकारी मोजणीप्रमाणे देशात विडी कामगार पन्नास लाखांच्या घरात आहेत आणि त्यांत स्त्रियाच अधिक. कंपनीकडून ती तंबाखू तोलून आणते आणि ती तिला राखावी लागते. सादळली तर विडी वाळत नाही, सुकली तर वजन घटते. मग ती कुठे ठेवणार? दहा बाय दहाच्या खोलीत, जिथे चूल आहे, पिण्याचे पाणी आहे आणि पाळणा टांगलेला आहे. मालकाची वखार, भाडे बाईचे! आम्ही पुष्कळ घरी सांगितले की घट्ट झाकणाचा डबा घ्या, तो उंचावर ठेवा, वळण्याची जागा चुलीपासून आणि अंथरुणापासून वेगळी करा, काम झाले की ओल्या फडक्याने जमीन पुसा, केरसुणी लावू नका. ऐकणारणी ऐकतात. पण जागाच नसेल तिथे वेगळी जागा करा म्हणून सांगणे हा शहाणपणा फार वेळ करवत नाही. सोलापूरजवळ कुंभारीला विडी कामगार स्त्रियांची दहा हजार घरांची गोदूताई परुळेकर वसाहत झाली, २००६ साली ती ताब्यात मिळाली. आम्ही त्या चळवळीतले नव्हे, पण तिथे आवर्जून गेलो. पाहिले ते हे : घराला पुढे ओटा आहे आणि बाया ओट्यावर बसून वळतात. बाळ आत निजलेले असते.

आता एक प्रश्न, जो प्रत्येक सभेत येतो आणि आजही कोणीतरी विचारील. तंबाखू हे विष आहे, त्याने माणसे मरतात, मग तुम्ही हा धंदा बंद करा म्हणण्याऐवजी गोण्यांवर साल लिहा म्हणून का भांडता? पहिली गोष्ट, ती माणसे मारते हे आम्ही कोणाहीपेक्षा अधिक जाणतो; आमच्या सभासदांच्या प्रेतयात्रांना आम्ही जातो. धंदा उतरणीला लागावा, यावर आमचे भांडण नाही. पण बाईला दुसरे काम मिळेपर्यंत ती उद्या सकाळी त्याच ढिगापुढे बसणार आहे. तिच्या दवाखान्यासाठी, मुलांच्या शिष्यवृत्तीसाठी १९७६ च्या कायद्याने विड्यांवर उपकर होता. २०१७ साली नवी करपद्धती आली त्यात तो उपकर गेला. १९६६ चा कायदा २०२० च्या संहितेत विरघळला. कागदांची ही उलथापालथ वर चालू असते. खाली तोच ढीग आणि तीच चाळणी. विष बंद व्हावयाचे तेव्हा होवो, तोवर ते झाकून ठेवण्याची जबाबदारी ज्याचा माल त्याची.

हा वैशाख आहे. जंगलात पानाची तोडणी चालू आहे. निपाणीकडची नवी तंबाखू वखारींत येऊन पडली आहे. आणखी महिन्याभरात पहिला पाऊस येईल, आणि त्याच्या आधी आपल्या गावातही थप्प्यांखाली फळ्या सारल्या जातील, फटी बुजवल्या जातील, धुरी दिली जाईल. त्या आठवड्यात आमचे लोक गावातल्या वखारींना भेट देणार आहेत : चाळणीचा सोपा वेगळा आहे का, दारावर धुरीची तारीख आहे का, गोणीवर साल आहे का, एवढे पाहावयास. आम्ही एकटे गेलो की ती युनियनची कटकट ठरते. बरोबर एखादे डॉक्टर, एखादे शिक्षक, एखादे दुकानदार असले तर दिवाणजी खुर्ची देतो. ज्यांना यावयाचे असेल त्यांनी खाली उतरताना डाव्या हाताला आमचे दोन कार्यकर्ते वही घेऊन बसले आहेत, त्यांच्यापाशी नाव लिहावे. नाकाला बांधावयास रुमाल प्रत्येकाने आपापला आणावा.